कृष्णात हवालदाराचा केर

उंब्रजमध्ये एके काळी अशी कुजबुज होती, की कृष्णात हवालदाराच्या केरात सोनं आहे. जमिनीत नव्हे, भिंतीत नव्हे, केरात. शहात्तर सालचा उन्हाळा होता, आणीबाणी चालू होती, वर्तमानपत्रात चवीनं वाचावं असं काही येत नव्हतं, त्यामुळे गावाला आपल्या बातम्या आपणच तयार कराव्या लागत. त्यांतली ही सगळ्यांत खमंग. हवालदाराला स्वतःच्याच उकिरड्यावरून पाटी पाटी केर उचलून परत घरात नेताना समोरच्या शालूबाईनं पाहिलं होतं. आणि शालूबाईनं पाहिलं म्हणजे वेशीपासून तारळीच्या पुलापर्यंत सगळ्यांनीच पाहिलं. एस. टी. स्टँडवरच्या चहावाल्या तात्याबानं तर त्या उकिरड्यातली चिमूटभर माती पुडीत बांधून कराडच्या सोनाराकडे नेली. सोनारानं पुडी उघडली, बोटानं चाळली, फुंकर मारली आणि "शेंगांची टरफलं हायत, दुसरं काय?" म्हणून परत दिली. तात्याबानं गावात येऊन सांगितलं, की बोलताना सोनाराची नजर चोरटी होती.

"मग हायच!" लोक म्हणाले.

आता हा कृष्णात कोण, ते सांगायला हवं. मराठा पलटणीतून अडुसष्ट साली हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला गडी. उंच, वाळका, मिशी पांढरी पण रेघ मारल्यासारखी सरळ. बायको विजयमाला लग्नानंतर चौथ्या वर्षी काविळीनं गेली, मूलबाळ नव्हतं, आणि त्यानं दुसरं लग्न केलं नाही. आई येसूबाई एकटी घर धरून राहिली होती. ती गेली तेव्हा हा सरहद्दीवर. तार हातात पडून गावात पोचेपर्यंत दहावा दिवस उजाडला होता. दार उघडलं तर घरात बोटभर धूळ. कोपऱ्यात पानं, चुलीपुढं राख, कोळ्यांनी कणगीला जाळी विणलेली. येसूबाईचं घर म्हणजे जेवायला ताट नसलं तरी चालेल असं, आणि त्याची ही दशा. कृष्णात शेजाऱ्यांवर उखडला. "म्हातारीला साळुता उचलत न्हवता, तर कुणी एक दिस घर लोटून देऊ नये व्हय?" तेव्हा आईच्याच वयाच्या चंद्राबाईनं त्याला बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगितली. त्यानंतर तो जो गप्प झाला तो झालाच. शालूबाई तेव्हा त्या आळीत राहायला आलेली नव्हती, नाहीतर ती दोन वाक्यं तालुकाभर झाली असती.

आईच्या ट्रंकेत त्याला स्वतःची पत्रं सापडली. रजा संपवून पलटणीत गेला, की 'खुशाल पोचलो' एवढं लिहायचं, असा म्हातारीचा हुकूम होता. हुकूम त्यानं कधी पाळला होता, कधी नाही. शेवटच्या खेपेचं पत्र ट्रंकेत नव्हतं, कारण ते त्यानं लिहिलंच नव्हतं.

पेन्शनीत आल्यावर मात्र गड्यानं केरसुणी अशी धरली, की गावच्या बाया बघत राहिल्या. सकाळी एकदा, दिवे लागायच्या आधी एकदा. कोपऱ्यापासून दाराकडे, दारापासून अंगणात, अंगणापासून रस्त्याच्या कडेपर्यंत. आठवड्यातून एकदा सारवण, आणि सारवण वाळलं की चौकटीवरून बोट फिरवून बोटाला धूळ लागते का ते बघणं. बापयमाणसानं हे करायचं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा.

"काय हवालदार, साळुत्याला सलामी दिली का आज?" तात्याबा हाटेलातून ओरडायचा.

"तुझ्या हाटेलाचं इन्स्पेक्शन झालं तर तुला कोर्टमार्शल हुईल गड्या," हवालदार म्हणायचा, आणि चहाचा कप उजेडात धरून आत काय तरंगतंय ते बघायचा.

एवढंच त्याचं दिवसातलं बोलणं. बाकी घरात शिरला, की भांड्यांचा आवाज तेवढा.

घर पुणे-बंगलोर हमरस्त्याला लागून. तीन खणांचं, आणि कडेला रस्त्याकडे तोंड करून एक सुटी खोली. सत्तर सालच्या थंडीत गोव्याला निघालेली एक गाडी पुलाजवळ बंद पडली आणि तिच्यातून पाठीवर बोचकी घेतलेली दोन गोरी माणसं उतरली. लॉज शोधायला लागली. उंब्रजमध्ये लॉज! गावानं त्यांना आधी चावडी दाखवली, मग शाळा, मग तात्याबानं आपल्या हाटेलातलं बाक दाखवलं, त्यावर आधीच कुत्रं झोपलं होतं. शेवटी हवालदारानं ती सुटी खोली उघडून दिली. "रूम. क्लीन. शूज आऊट," एवढं पलटणीतलं इंग्रजी त्याच्याजवळ शिल्लक होतं. रात्रीचा रुपया ठरला. सकाळी ती दोघं गेली, आणि जाताना हवालदाराच्या जमिनीचा फोटो काढून गेली. माणसाचा नाही, जमिनीचा!

पुढं काय झालं, कसं झालं, कुणाला ठाऊक नाही. पण दर पंधरवड्याला कुणीतरी दाढीवाला नाहीतर झिपरीवाली हातात चिठ्ठी घेऊन उतरायला लागली. एकदा हायस्कुलातल्या मास्तरांनी ती चिठ्ठी वाचून दाखवली. 'उंब्रज. पूल लागायच्या आधी उतरा. मिस्टर कृष्णात. एक रुपया. हिंदुस्थानातली सर्वांत स्वच्छ जमीन.' गोव्यात, दिल्लीत, कुठकुठल्या स्वस्तातल्या खानावळींत ही चिठ्ठी या हातातून त्या हातात उतरवून घेतली जात होती म्हणे. गावाचे आमदार दिल्लीला माहीत नव्हते, पण हवालदाराची जमीन माहीत होती. त्या दिवशी हवालदारानं तीनदा केर काढला.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, भर दुपारी, गुळाच्या ट्रकमधून बिर्गिट उतरली. डेन्मार्कची. वय पंचवीसच्या आतबाहेर, केस वाळल्या कडब्याच्या रंगाचे, आणि एक पाय सुजून टम्म झालेला. गोव्याहून निघाली होती घरी जायला, तीही जमिनीवरून. दिल्ली, काबूल, इराण, तुर्कस्तान, आणि मग कुठं तिचा मुलूख. पण मुलूख राहिला लांब, तिला दोन दिवस छप्परच मिळत नव्हतं. कोल्हापुरात स्टँडच्या बाकावर रात्र काढली. कराडात एका लॉजवाल्यानं "नवरा कुठाय?" विचारलं, नवरा नाही म्हटल्यावर त्याच्याकडे खोलीही नाहीशी झाली. मग एका धर्मशाळेत गेली. तिथल्या म्हाताऱ्यानं रजिस्टर उघडून जात विचारली. ती म्हणाली, "डेन्मार्क." म्हाताऱ्यानं बराच विचार केला आणि सांगितलं, की ह्यांची सोय आपल्याकडे नाही. शेवटी नदीकाठच्या देवळाच्या ओवरीत झोपली, आणि पहाटे उतरताना पायरी चुकून पाय मुरगळला. चिठ्ठी तेवढी मुठीत होती.

हवालदारानं पाय बघितला, आंबेहळद उगाळून गरम लेप घातला, फडकं बांधलं आणि म्हणाला, "नो वॉक. टेन डेज. ऑर्डर."

ती अकरा दिवस राहिली.

शालूबाईला त्या अकरा दिवसांत जेवण गोड लागलं नसेल. सारखी काही ना काही मागायला यायची. कधी विस्तव, कधी मिठाचा खडा. एकदा बघते तर मडम भिंतीला टेकून एका पायावर उभी, हातात केरसुणी, आणि हवालदार बोट दाखवून कोपरे सांगतोय.

"आवं भावजी, मडमेला साळुता धराय शिकीवताय व्हय? आता जात्यावर बी बसवा!"

"बसली असती, वैनी. पाय दुमडत न्हाई तिचा."

हवालदार हसून बोलला होता. आळीत राहायला आल्यापासून शालूबाईनं त्याचे दात पाहिले नव्हते.

दोघांना एकमेकांची भाषा शंभर शब्दांपलीकडे येत नव्हती, पण संध्याकाळी ओसरीवर दोन ताटं मांडली जायची. ती भाकरी मोडायची, तो शेंगा भाजायचा, आणि टरफलं एका बाजूला जमत जायची. ती घरच्यांबद्दल सांगायची. बाप नव्हता, आई दुसऱ्या नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी. "देअर, नोबडी वेटिंग," असं ती एकदा हसतहसत म्हणाली. हवालदारानं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाला, "यू गो होम. यू राइट. आय वेटिंग."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तिला एकच मराठी शब्द शिकवला. पत्रात दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल, एवढा शब्द लिही. तिनं चुलीतला कोळसा घेऊन खोलीच्या भिंतीवर तो गिरवला. पहिल्यांदा उलटा, मग वाकडा, तिसऱ्यांदा नीट: 'पोचले'.

सकाळच्या पुण्याच्या गाडीला त्यानं तिला बसवलं. हातात भाकरी, लसणीची चटणी आणि भाजलेल्या शेंगांचं गठुळं. कंडक्टर ओरडत होता, "हवालदार, पाव्हणी पाठवताय का लेक सासरी? सोडा की गाडी!" गाडी पुलावरून दिसेनाशी होईतो हवालदार उभा होता. मग घरी आला.

"गेली व्हय मडम?" शालूबाईनं दारातूनच विचारलं.

"गेली."

"चला, सुटला तुमी. आता खोली लोटून घ्या, दुसरं कोनतरी ईल."

हवालदार सुट्या खोलीच्या दारात गेला. आत चटई, तिच्या कडेला काल रात्रीची टरफलं, भिंतीवर कोळशाचं अक्षर. केरसुणी कोपऱ्यातच होती. त्यानं ती उचलली, बाहेर घेतली, दार ओढलं आणि कुलूप लावलं. शालूबाईनं हे पाहिलं, आणि गावच्या करमणुकीची दोन वर्षांची सोय झाली.

महिना गेला, दोन गेले. हवालदाराचं घर, ओसरी, अंगण पहिल्यासारखंच आरशासारखं. फक्त त्या एका खोलीला केरसुणी शिवत नव्हती. चिठ्ठी घेऊन कुणी आलं, तर त्याला ओसरीवर पथारी. गोरी माणसं खोलीकडे बोट दाखवायची, खिडकीच्या फटीतून आत बघायची, धूळ बघून चिठ्ठी पुन्हा वाचायची आणि आपलं कुठं चुकलं का म्हणून रस्त्यावरच्या पाटीवर गावाचं नाव तपासायची. पावसाळ्यात ओसरीवर कोण झोपणार? हळूहळू त्यांचं येणं थांबलं. संध्याकाळची दोन ताटं हवालदार काही दिवस काढत राहिला, मग एक परत फळीवर गेलं.

पोस्टमन भाऊसो सायकलवरून आळीत वळला, की हवालदार फाटकात.

"काय हाय का, भाऊसो?"

"हाय की. सोसायटीची नोटीस."

"फॉरेनचं?"

"हवालदार, डेन्मार्क म्हंजी काय शेजारचं मसूर गाव हाय व्हय, सकाळी टाकलं की दुपारी मिळंल? लांबचा पल्ला हाय. ईल."

भाऊसो आधी हसून सांगायचा. वर्ष उलटलं तसं तो लांबूनच मान हलवायला लागला. आणि मग एक दिवस त्यानं रस्ताच बदलला, मागच्या बोळातून जाऊ लागला. हवालदारानं शाळेतून नकाशा आणून भिंतीला लावला होता. त्यावर दोरा धरून तो उंब्रजपासून डेन्मार्कपर्यंत मोजायचा. दोरा पुरायचा, पण पत्र यायचं नाही.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर एक लांब केसांचा पोरगा आला. खूप दिवसांनी आलेला पहिलाच. त्याच्या हातातली चिठ्ठी हवालदारानं घेतली आणि खालीच बसला. अक्षर तिचं होतं.

"व्हेअर गिव्ह?"

काबूलमध्ये, पोरगा म्हणाला. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात, एका स्वस्तातल्या सरायीत. बूट विकून टाकले होते तिनं. पश्चिमेकडची बस बघत होती. तब्येत? बारीक झाली होती. पुढं? पुढचं त्याला माहीत नव्हतं. तो पूर्वेला आला, ती तिकडे गेली.

हवालदारानं नकाशावर काबूलपाशी बोट ठेवलं. अर्ध्यापेक्षा कितीतरी कमी. पोराला त्यानं ओसरीवर पथारी दिली, जेवू घातलं. खोलीचं कुलूप उघडलं नाही.

आता सयाजीकडे वळू. हा कृष्णाताचा चुलतभाऊ. हमरस्त्याला लागून असलेली ती खोली त्याला पंपाच्या सामानाच्या दुकानासाठी हवी होती. "दादा, तुमी वापरत न्हाई, मला तर द्या," असं त्यानं चारदा सांगून पाहिलं. "आत मानूस हाय अजून," हवालदार एवढंच म्हणाला. हे वाक्य सयाजीनं शालूबाईला सांगितलं, तिथंच घोटाळा झाला.

"मानूस कसलं? माल असंल!" शालूबाई म्हणाली. "मडम ठेवून गेली असनार. बगा की, जो गडी अंगनातलं पान बी टिकू देत न्हाई, तो खोली लोटत न्हाई. का? लोटली की जमीन उकरल्याची खून दिसंल!"

बोलून गेली बिचारी. तिला वाटलं, नेहमीचं बोलणं. पण महिन्यात गावाला सोन्याच्या बिस्किटांची संख्याही पाठ झाली.

शहात्तरच्या चैत्रात हवालदार पेन्शन आणायला कराडला गेला, तेव्हा सयाजीनं पहार घेतली आणि कुलूप तोडलं. शालूबाई पदर तोंडाला धरून दारात. आत दोन वर्षांची धूळ, चटईवर धूळ, टरफलांवर धूळ, आणि भिंतीवर अक्षर. सयाजी चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "पोचले." मग डोळे चमकले. "वैनी, हीच खून! माल पोचला म्हनून लिवलंय!" त्यानं त्या अक्षराखाली कंबरेएवढं उकरलं. मग चारी कोपरे. दगड निघाले, एक गंजलेली खुरपी निघाली, आणि सयाजीचा घाम निघाला. दुपारी पहार खांद्यावर टाकून, खड्डे तसेच सोडून तो निघून गेला.

शालूबाई तिथंच उभी राहिली. जीभ तिची लांब, पण बाई वाईट नव्हती. पाच वाजताच्या गाडीनं भावजी येणार आणि हे बघणार. गोष्ट तिच्याच तोंडून सुटलेली. तिनं पदर खोचला. खड्डे बुजवले, चोपणं घेऊन जमीन चोपली, जळमटं काढली, सगळा केर पाटीत भरून उकिरड्यावर टाकला, शेण कालवून खोली अशी सारवली, की येसूबाईनं शाबासकी दिली असती. उंबऱ्यावर दोन बोटं रांगोळीही काढली. एवढं तिनं स्वतःच्या घरी दिवाळीलाच केलं असेल.

हवालदार आला. तुटलेलं कुलूप पाहिलं. ओली, हिरवीगार, लखलखीत जमीन पाहिली. शालूबाई हात जोडून सांगत होती, "भावजी, सयाजीनं उकरलं, चुकलं वो माजं बी, पर मी समदं निर्मळ करून ठिवलंय, बगा, काडी बी ऱ्हाऊ दिली न्हाई." तो ओरडेल म्हणून ती दोन पावलं मागे सरली होती.

तो ओरडला नाही. त्यानं हळूच विचारलं, "वैनी, केर कुठं टाकला?"

तिनं हात केला. तो पाटी घेऊन उकिरड्यावर गेला, गुडघ्यांवर बसला, आणि शेणातून, राखेतून, भाजीच्या देठांतून ती पांढरी धूळ वेगळी करायला लागला. टरफलं एकेक करून वेचली. पाटी भरली, की खोलीत नेऊन ओल्या सारवणावर पसरायची, पुन्हा उकिरडा. तिसऱ्या पाटीला आळी गोळा झाली. पाचव्या पाटीला तात्याबा हाटेल सोडून आला. 'केरात सोनं' ही बातमी त्या संध्याकाळची.

माणसं पांगल्यावर शालूबाई भाकरीचं ताट घेऊन गेली. हवालदार उंबऱ्यावर बसला होता, हात कोपरापर्यंत मळलेले. तिनं ताट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खालच्या आवाजात विचारलं, "भावजी, ह्ये कशापायी?"

त्यानं तिला दोन वाक्यं सांगितली. बहुधा चंद्राबाईनं त्याला सांगितली होती तीच, नावं तेवढी वेगळी. शालूबाई ताट न घेताच घरी गेली. लोकांनी तिला पुष्कळ छेडलं, "सांग की, काय म्हनला?" पण तिनं ही एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. आणि ती सांगत नाही म्हटल्यावर गावाची खात्रीच झाली, की तिला वाटा मिळाला.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं नवं कुलूप आणलं. भाऊसो मागच्या बोळातून जाताना दिसला, तर हा परसदारी येऊन उभा राहिला.

केरात सोनं नव्हतं. गावाला निघालेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत त्याच्या मागं घरातला केर काढत नाहीत. बाकीचे घटकाभर थांबतात, येसूबाई मुलाचं पत्र येईपर्यंत थांबायची, आणि शेवटच्या खेपेला ते आलं नव्हतं. बिर्गिटचंही आलं नव्हतं.